दिव्याकडून पाण्याकडे

स्वच्छ पाणी आणि शुद्ध पाणी हे शब्द नित्याच्या बोलण्यांत एकाच अर्थानें योजले जातात. परंतु शास्त्राच्या दृष्टीनें त्या दोहोंत फार मोठें अंतर आहे. पेल्यांतील पाणी नितळ असावें, त्याला वास नसावा, त्याची चवहि गोड असावी, आणि तरीसुद्धां त्याच्या एका घोटांत रोगाचे हजारों जंतु असावेत, हें अगदीं शक्य आहे. उलट, पावसाळ्याच्या दिवसांत नळाला येणारें किंचित् गढूळ पाणी योग्य रीतीनें निर्जंतुक केलेलें असेल, तर तें बिनघोर पितां येतें. डोळा, नाक आणि जीभ या घराघरांतील तीन परीक्षकांना येथें कांहींच कळत नाहीं. गृहिणीनें पाणी वस्त्रगाळ केलें, त्यांत तुरटी फिरविली, हंडा घांसून लख्ख केला, तरी जें मुळांत दिसतच नव्हतें तें गेलें कीं राहिलें, हें तिला कसें कळावें?

या अदृश्य शत्रूची ओळख शास्त्राला फार पूर्वींच पटली होती. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें १८८३-८४ सालीं कलकत्त्यास येऊन पटकीच्या रोग्यांची तपासणी केली, आणि स्वल्पविरामाच्या आकाराचा तो सूक्ष्म जंतु तेथील एका तळ्याच्या पाण्यांतहि दाखवून दिला. त्यानंतर शंभर वर्षें लोटलीं. मोठमोठ्या शहरांनीं वाळूच्या गाळण्या बांधल्या, पाण्यांत क्लोरीन घालण्याची पद्धति सार्वत्रिक झाली, आणि नागरी कुटुंबांतून पटकीचें भय ओसरलें. परंतु ज्या खेड्यांत नळ नाहीं, जेथें विहीर, तळें किंवा नदी हाच आधार, तेथें हगवणीनें अंगांतील पाणी आटून तान्हीं मुलें दगावतच राहिलीं. शत्रु ठाऊक होता, शस्त्रेंहि ठाऊक होतीं. मग अडलें होतें कोठें? या प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनीं केला, त्यांत मुंबईंत जन्मलेले पदार्थविज्ञानवेत्ते डॉ. अशोक गाडगीळ यांचें नांव ठळकपणें येतें. त्यांची पाण्याकडे येण्याची वाट सरळ नव्हती. ती दिव्यांवरून आली, आणि त्यामुळेंच ती समजून घेण्यासारखी आहे.

गाडगीळांचा जन्म १९५० सालचा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें त्यांनीं पदार्थविज्ञानाचा पुढील अभ्यास केला, आणि तेथून ते अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत गेले. १९७९ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय इमारतींतील उष्णतेचा होता. खोलींतील हवा कशी फिरते, आणि ती फिरतांना भिंतींतून व खिडक्यांतून उष्णता कशी आंतबाहेर होते, याचें गणित त्यांत होतें. पुढें बर्कली येथील लॉरेन्स राष्ट्रीय प्रयोगशाळेंत त्यांनीं इमारतींतील ऊर्जेची बचत हाच विषय हातीं घेतला. या साऱ्यांत पाण्याचा कोठें संबंध दिसत नाहीं. मात्र मुंबईंत वाढत असतांना आपल्या नात्यांतील तान्हीं मुलें दूषित पाण्याच्या विकारांनीं दगावलीं होतीं, हें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. तो घाव मनांत होता. त्यावर इलाज करण्याचें साधन अद्यापि हातीं यावयाचें होतें.

तें साधन आलें दिव्याच्या रूपानें. १९९० च्या सुमारास गाडगीळ आणि आर्थर रोझेनफेल्ड या दोघां शास्त्रज्ञांनीं मुंबई शहरासाठीं एक योजना मांडली. तार तापून उजेड देणाऱ्या जुन्या दिव्यांच्या जागीं फ्लुओरेसंट जातीचे आंखूड दिवे लावले, तर तितकाच उजेड कितीतरी कमी विजेंत मिळतो. पण असा दिवा त्या वेळीं महाग होता, आणि सामान्य कुटुंबाला ती किंमत एकदम देणें जड होतें. म्हणून दिवा आधीं द्यावा आणि त्याचे पैसे विजेच्या मासिक बिलांतून थोडे थोडे घ्यावेत, असा या योजनेचा गाभा होता. हिशेबानें तींत गिऱ्हाइकाचाहि लाभ होता आणि वीजकंपनीचाहि. तरीसुद्धां मुंबईंत ती रखडली. तिच्या रखडण्याची मीमांसा पुढें एका शास्त्रीय निबंधांतून प्रसिद्ध झाली. या उद्योगांतून गाडगीळांच्या पदरीं दोन गोष्टी पडल्या. एक, फ्लुओरेसंट दिव्याच्या नळींत काय घडतें याचें बारकाईचें ज्ञान. आणि दुसरी, गणित बरोबर आलें म्हणजे काम झालें असें नव्हे, हा धडा. पाण्याच्या कामीं या दोन्ही गोष्टी उपयोगी पडणार होत्या.

१९९२ च्या अखेरीस मद्रासमध्यें, म्हणजे आजच्या चेन्नईंत, पटकीची एक विलक्षण सांथ दिसून आली. तिचा जंतु नेहमींचा नव्हता. पूर्वींच्या सांथींतून तावून-सुलाखून निघालेल्या प्रौढ माणसांच्या अंगीं जुन्या जंतूविरुद्ध जी प्रतिकारशक्ति होती, ती या नव्या जंतूपुढें चालेना. थोड्याच महिन्यांत ही सांथ बंगालमध्यें आणि बांगलादेशांत पसरली, आणि हजारों माणसें बळी पडलीं. या जंतूला ‘ओ १३९’ असा क्रमांक आणि ‘बंगाल’ असें नांव मिळालें. या बातम्या बर्कलीस पोंचल्या, आणि १९९३ सालीं गाडगीळांनीं पाण्याचा प्रश्न हातीं घेतला.

आरंभींच त्यांना उपलब्ध उपायांचा हिशेब मांडावा लागला. पहिला आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे पाणी उकळणें. उपाय म्हणून तो बिनतोड आहे. त्याची किंमत मात्र सहसा कोणी मोजीत नाहीं. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. कुटुंबाला दिवसाला पिण्यास १० लिटर पाणी धरलें, तर ७५० किलोकॅलरी झाल्या. एक किलो सुक्या लांकडांत सुमारें ४,००० किलोकॅलरी असतात खऱ्या. परंतु साध्या चुलींत त्यांतला जेमतेम दशांश ते अष्टमांश भाग भांड्याला मिळतो, बाकीचा धुरावाटे व आजूबाजूस निघून जातो. म्हणजे केवळ पिण्याच्या पाण्यासाठीं रोज दीड ते दोन किलो सरपण जाळावयाचें. जिला स्वयंपाकापुरत्या काटक्यांसाठींहि मैल मैल हिंडावें लागतें, त्या बाईला ‘पाणी उकळून प्या’ असा उपदेश करणें सोपें आहे. पण तो पाळणें तिच्या हातचें नाहीं.

दुसरा उपाय क्लोरीनचा. तो स्वस्त आणि खात्रीचा आहे. परंतु त्याची मात्रा पाण्याच्या घाणीप्रमाणें बदलावी लागते. मात्रा कमी पडली तर जंतु राहतात, अधिक झाली तर वास येतो आणि लोक पुन्हां तळ्यावर जातात. शिवाय तें औषध दर आठवड्यास दूरच्या गांवीं न चुकतां पोंचावें लागतें. पावसांत वाट बंद झाली कीं औषधहि बंद; आणि सांथीचा जोर तर अशाच दिवसांत असतो. उरला तिसरा उपाय, तो म्हणजे प्रकाश.

प्रकाशानें जंतु मरतात, हा कांहीं नवा शोध नव्हे. डाउन्स आणि ब्लंट या दोघां इंग्रज संशोधकांनीं १८७७ सालीं सूर्यप्रकाशाचा हा गुण सिद्ध करून दाखविला होता. फ्रान्समधील मार्सेय शहरांत १९१० च्या सुमारास या तत्त्वावर पाणी शुद्ध करण्याचा प्रयत्नहि झाला होता. हें काम करणारे किरण डोळ्यांना दिसत नाहींत. इंद्रधनुष्याच्या जांभळ्या कांठापलीकडे त्यांचें स्थान आहे, म्हणून त्यांना अतिनील किरण म्हणतात. मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर असें नांव आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या असतात. जंतुनाशक किरणांची लांबी २६० च्या आसपास असते. हे किरण जंतूच्या जननद्रव्यांत शिरले म्हणजे तेथील शेजारशेजारचे घटक एकमेकांस भलत्याच ठिकाणीं जोडले जातात. मग त्या जंतूला आपल्यासारखा दुसरा जंतु निर्माण करतां येत नाहीं. तो तत्काळ मरतोच असें नाहीं. परंतु एकाचे दोन व दोनाचे चार होण्याचें त्याचें सामर्थ्य संपतें, आणि जो वाढूं शकत नाहीं तो पोटांत जाऊनहि रोग उत्पन्न करूं शकत नाहीं.

येथें दिव्याच्या ज्ञानाचा धागा पाण्याच्या प्रश्नाशीं जुळला. घरोघरीं दिसणाऱ्या ट्यूबलाइटच्या नळींत पाऱ्याची विरळ वाफ असते. तिच्यांतून वीज गेली कीं मुख्यतः २५४ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण निघतात. म्हणजे जवळजवळ नेमके जंतुनाशक किरणच! कांचेच्या आंतल्या बाजूस जो पांढरा लेप असतो, तो हे किरण शोषून घेतो आणि त्यांचा दृश्य उजेड करून बाहेर टाकतो. शिवाय साधी कांचहि उरलेले किरण अडविते. हा लेप काढून टाकला आणि साध्या कांचेच्या जागीं अतिनील किरणांना वाट देणारी कांच घातली, म्हणजे उजेड देणारा दिवा जंतुनाशक दिवा होतो. असे दिवे बाजारांत होतेच. जी नळी लक्षावधि घरांसाठीं कारखान्यांतून निघते, तिचीच ही सख्खी बहीण असल्यामुळें ती स्वस्त होती, टिकाऊ होती, आणि तिला वीजहि थोडी लागत होती.

मग हें काम पूर्वींच कां झालें नाहीं? अडचण किरणांत नव्हती, ती यंत्राच्या घडणींत होती. तोंवरच्या बहुतेक यंत्रांत दिवा कांचेच्या आवरणांत घालून पाण्यांत बुडविलेला असे, आणि त्याभोंवतीं नळांतून दाबानें पाणी सोडलें जाई. पाण्यांतील क्षार व शेवाळ त्या आवरणावर बसत. कांच आंधळी होई, किरण बाहेर पडत नसत, आणि दिवा जळतांना दिसत असूनहि पाणी अशुद्धच राही. तें आवरण वरचेवर काढून जपून पुसावें लागे. शहरांतल्या रुग्णालयांत हें जमण्यासारखें होतें. पण जेथें दाबाचें पाणी नाहीं आणि फुटलेली कांच बदलण्यास कारागीर नाहीं, तेथें असें यंत्र चार महिन्यांत अडगळींत जाणार, हें उघड होतें.

गाडगीळांनीं दिवा पाण्याबाहेर काढला. एका उथळ तबकांतून पाणी आपल्या वजनानेंच पातळ थरानें वाहत जातें. त्याच्या वर हवेंत दिवा टांगलेला असतो, आणि दिव्यावर चकचकीत धातूचें छत असतें, तें वर गेलेले किरण खालीं पाण्यावर लोटतें. पाणी दिव्याला शिवतच नाहीं, म्हणून त्यावर कीट बसण्याचा प्रश्नच उरत नाहीं. हातपंपाचें पाणी किंवा घागरीनें ओतलेलें पाणीहि या यंत्राला चालतें. हे किरण डोळ्यांना व कातडीला अपायकारक असल्यामुळें सर्व भाग पेटींत बंद असतो.

दिसावयास हें साधें असलें, तरी त्यांत एक बारीक गोम होती. तबकांतून पाणी सारख्या गतीनें वाहिलें नाहीं, मधून एखादी धार झपाट्यानें निसटून गेली, तर त्या धारेंतील जंतूंना पुरेसे किरण मिळणार नाहींत. आणि शंभरांतील नव्याण्णव भाग पाणी शुद्ध करून उरलेल्या एका भागानें घात व्हावयाचा. म्हणून पाणी आंत येतें तेथें अनेक छिद्रांच्या आडपट्ट्या बसवून त्याचा प्रवाह संथ व एकसारखा करावा लागला. खोलींतील हवेच्या प्रवाहांचें गणित करण्यांत ज्यांचीं आरंभींचीं वर्षें गेलीं, त्यांना हा प्रश्न परका नव्हता. हवा काय आणि पाणी काय, दोन्ही प्रवाहीच.

हें यंत्र १९९६ पर्यंत तयार झालें, आणि त्याला ‘यूव्ही वॉटरवर्क्स’ असें नांव मिळालें. त्यांतून मिनिटाला १५ लिटर पाणी निघतें. म्हणजे तासाला ९०० लिटर. माणशीं दिवसाला १० लिटर धरलें, तर बारा तास चालणारें एक यंत्र हजार वस्तीच्या गांवाला पिण्याचें पाणी पुरवूं शकतें. त्याला वीज लागते ती मेजावरच्या एका साध्या दिव्याइतकी. पाणी उकळण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या मानानें हा खर्च हजारों पटींनीं कमी आहे. यंत्राच्या किंमतीसकट हिशेब केला, तरी एक टन पाण्याच्या शुद्धीकरणास अवघे कांहीं अमेरिकन सेंट पडत होते.

तथापि या उपायाच्या मर्यादाहि जाणून घेतल्या पाहिजेत. पाणी गढूळ असेल तर किरण आंत पोंचत नाहींत. मातीच्या कणाआड जंतु सुखरूप दडून राहतो. म्हणून असें पाणी आधीं गाळून घ्यावें लागतें. दुसरें असें कीं, क्लोरीन पाण्यांत राहून पुढेंहि पहारा करतो; किरणांचा पहारा मात्र दिव्याखालींच संपतो. तेव्हां शुद्ध झालेलें पाणी घाणेरड्या भांड्यांत घेतलें, किंवा त्यांत कोणीं हात बुडविला, तर सारे श्रम वायां जातात. तिसरी मर्यादा अशी कीं, किरण फक्त सजीवांवर चालतात. पाण्यांत विरघळलेल्या विषाला ते स्पर्शहि करीत नाहींत.

मुंबईच्या दिव्यांनीं शिकविलेला दुसरा धडा येथें कामीं आला. यंत्र गांवाला दान दिलें आणि देणारा परत गेला, म्हणजे तें कोणाचेंच राहत नाहीं. दिवा बदलावयाचा कोणीं, याचें उत्तर कोणाजवळ नसतें. म्हणून या यंत्राचे अधिकार एका कंपनीकडे देण्यांत आले, आणि ‘वॉटरहेल्थ’ या नांवाच्या त्या कंपनीनें फिलिपीन्स, भारत वगैरे देशांत पाण्याचीं केंद्रें उभारलीं. आंध्र प्रदेशांतील खेड्यांत अशा केंद्रांवर कुटुंबांनीं अल्प मोल देऊन शुद्ध पाणी नेण्याची पद्धत सुरू झाली. पाण्यासारख्या वस्तूचें मोल घ्यावें काय, ही शंका कोणाच्याहि मनांत येईल, आणि ती रास्त आहे. ज्या घरीं तेवढेंहि मोल देण्याची ऐपत नाहीं, त्याचें काय, हा प्रश्न सरकारनें व समाजानें सोडविलाच पाहिजे. परंतु त्या अल्प मोलांतूनच यंत्र राखणाऱ्या माणसाचा पगार आणि नव्या दिव्याची किंमत निघते. आणि बंद पडलेलें फुकट यंत्र कोणाचीच तहान भागवीत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

किरणांची तिसरी मर्यादा पुढें गाडगीळांना दुसऱ्या एका कार्याकडे घेऊन गेली. तळ्याचें दूषित पाणी टाळावें या सद्धेतूनें पश्चिम बंगालमध्यें आणि बांगलादेशांत कूपनलिका मोठ्या प्रमाणावर खणल्या गेल्या. त्यांचें पाणी निर्मळ व बहुतांशीं जंतुरहित होतें. परंतु तेथील जमिनीच्या थरांत सोमल आहे, आणि तो त्या पाण्यांत उतरत होता. पश्चिम बंगालमधील रोग्यांच्या कातडीवर त्याचीं चिन्हें १९८० नंतरच्या दशकांत ओळखूं आलीं. सोमल एका दिवसांत मारीत नाहीं. वर्षानुवर्षें अंगांत भिनून तो तळहातांवर गांठी आणतो आणि शेवटीं कर्करोगापर्यंत नेतो. जंतूंच्या भयानें पळालेलीं माणसें विषाच्या तोंडीं सांपडलीं. उकळल्यानें हें विष जात नाहीं. उलट पाणी आटतें तसें तें अधिक दाट होतें.

या विषावर गाडगीळ आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं जें साधन शोधलें, तें आहे लोखंडाचा गंज! पाण्यांत लोखंडाचे पत्रे उभे करून त्यांतून अल्प दाबाची वीज सोडली, म्हणजे लोखंड झिजून पाण्यांत गंजाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. पाण्यांतील सोमल या कणांना चिकटून बसतो. मग थोडी तुरटी घातली कीं ते कण गोळा होऊन तळाशीं बसतात, आणि वरचें पाणी काढून घेतां येतें. गंज आणि तुरटी या दोन्ही वस्तु कोणत्याहि गांवीं परिचयाच्या. त्यांना जोड फक्त विजेची व मोजमापाची. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्यानें पश्चिम बंगालमधील धपधपी येथील शाळेंत असें केंद्र उभें राहिलें, आणि २०१६ सालीं तें सुरू झालें. दिवसाला १०,००० लिटर पाणी शुद्ध करण्याची त्याची योजना होती. ज्या पाण्यांत लिटरमागें २५० मायक्रोग्रॅमच्या आसपास सोमल होता, तो तेथें पांचाच्याहि खालीं आणला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिलेली मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे.

पदार्थविज्ञानांत वाढलेले गाडगीळ पुढें बर्कली येथेंच स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. २०१४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मंदिरांत त्यांच्या नांवाचा समावेश झाला, आणि २०२३ सालीं तंत्रविद्येसाठीं असलेलें त्या देशाचें राष्ट्रीय पदक त्यांना मिळालें. हे सन्मान मोठे आहेत. परंतु त्यांच्या कार्यांतून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. अतिनील किरण त्यांनीं शोधून काढले नाहींत. गंजाला सोमल चिकटतो, हेंहि रसायनशास्त्राला ठाऊक होतें. त्यांनीं प्रश्न तेवढा बदलला. ‘जंतु कशानें मरतात?’ या प्रश्नाचें उत्तर एकोणिसाव्या शतकांतच मिळालें होतें. ‘ज्या गांवीं नळ नाहीं, कारागीर नाहीं आणि पैसाहि बेताचाच आहे, तेथें ते रोजच्या रोज कसे मरतील?’ हा प्रश्न शिल्लक होता. त्याचें उत्तर द्यावयाचें, तर दिव्याची नळी, पाण्याचा प्रवाह, सरपणाचा भारा आणि कुटुंबाची मिळकत हीं सर्व एकाच कागदावर मांडावीं लागतात. असा कागद जेथें मांडला जातो, तेथें शास्त्र प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून तहानलेल्याच्या घागरीपर्यंत पोंचतें.